वीस मीटर आत

संजनाचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि रंभाकाकीच्या मोळीवर दगड पडेपर्यंत तिला त्याचा अभिमान होता.

पनवेलच्या एसटी स्टँडमागे एका अरुंद जिन्यावर शैलेश सरांचं नकाशांचं ऑफिस होतं. जमीन बिनशेती करायची असो, गोदाम बांधायचं असो की फार्महाउसला पोहण्याचा तलाव काढायचा असो, सरकारी टेबलावर आधी नकाशा लागतो. तो सर काढून देत. म्हणजे जागेवरची मापं सर आणत आणि नकाशा संजना काढी. ती खैरवाडीची. कातकऱ्यांच्या त्या तीस घरांतून आयटीआयला जाऊन ड्राफ्ट्समनचं सर्टिफिकेट आणणारी पहिलीच. ही माहिती सर प्रत्येक गिऱ्हाइकाला चहाबरोबर देत, जणू आयटीआयला दोन वर्षं तेच बसले होते.

साल दोन हजार चार. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी संजना संध्याकाळी वाडीत पोचली, तर रंभाकाकीच्या दारात गर्दी. काकी मान वाकडी करून बसलेली आणि चुलीपाशी एक काळा दगड, नारळाएवढा.

“लाकडं होती म्हून मी हाय,” काकी म्हणाली. “मोळीत घुसला. नायतर डोक्यातच घुसायचा.”

दगड डोंगराच्या कुशीतल्या क्वारीतून आला होता. क्वारीत रोज दुपारी एकला सुरुंगाचा बार उडे. आधी भोंगा होई आणि दोन मिनिटांनी बार. बायका त्या वेळी सरपणाच्या मोळ्या घेऊन हमरस्त्याकडे निघालेल्या असत. वाट एकच. पूर्वी ती क्वारीपासून लांब, झाडांखालून वळणं घेत जायची. मग मुंबईच्या एका शेठनं तिथं फार्महाउस केलं आणि आठ फुटांची भिंत घातली, वर काचा लावून. भिंत सरळ होती म्हणून वाटही सरळ झाली आणि क्वारीच्या बाजूला सरकली. आता एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला क्वारीवाल्यांनी खणलेला खोल चर, आणि मधून वाडीच्या बायका.

“क्वारीवाल्यांना सांगितलं?” संजनानं विचारलं.

“त्यांचाच माणूस सांगून गेला,” तिची आई, चिंधी, म्हणाली. “त्यो मॅनेजर कल्पेश बोलतो, भोंगा झाल्यावर बायका रेंगाळतात. गप्पा मारतात.”

“आणि तुम्ही कुठं होतात?”

“मधे. पुढं बी तेवढंच, मागं बी तेवढंच. जाणार कुठं?”

“पण वाट तर वीसच मीटर...” संजना बोलली आणि मधेच थांबली.

“वीस काय?” आईनं विचारलं.

धोक्याचा टापू दाखवणारा क्वारीचा नकाशा मागच्या दिवाळीत तिनंच काढला होता. त्यावर ‘पायवाट: २० मी. आत’ हे तिच्याच हातचं होतं, काळ्या शाईत, वीसचं शून्य कंपासनं काढल्यासारखं गोल.

रंभाकाकीनं तो दगड टाकून दिला नाही. तिच्या चुलीचा तिसरा दगड फुटला होता, तिथं तो बरोबर बसला. क्वारीनं वाडीला आजवर दिलेली ही एकमेव वस्तू.

शुक्रवारी सकाळी संजनानं कपाटातून नकाशाची प्रत काढून टेबलावर पसरली. बार उडतो ती जागा मधे. तिच्याभोवती पाचशे मीटर त्रिज्येचं वर्तुळ. नियम असा की बार उडताना या वर्तुळात माणूस असता कामा नये. वर्तुळाच्या कडेला, एका बाजूनं आत शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणारी पायवाटेची सरळ रेषा. रेषेच्या मध्यापासून वर्तुळाच्या कडेपर्यंत एक छोटी आडवी खूण, एक सेंटिमीटरची. नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जागेवर वीस मीटर. त्या खुणेपाशी तिनं ‘२०’ लिहिलं होतं, आणि ते बरोबर होतं. वाट वर्तुळाच्या कडेपासून वीस मीटरच आत येत होती.

फक्त त्या वीस मीटरवरून कोणी चालत नव्हतं.

बायका चालत होत्या त्या रेषेवर तिनं पट्टी ठेवली. वर्तुळाच्या आतला तुकडा भरला चौदा सेंटिमीटर. पट्टीवर विश्वास नको म्हणून तिनं गणित मांडलं. केंद्रापासून वाटेवर लंब टाकला की तो आतल्या तुकड्याला, म्हणजे जीवेला, बरोबर मध्यावर कापतो. लंब चारशे ऐंशी, त्रिज्या पाचशे. पाचशेच्या वर्गातून चारशे ऐंशीचा वर्ग वजा केला की उरतात एकोणीस हजार सहाशे. त्याचं वर्गमूळ एकशे चाळीस. ही अर्धी जीवा. पूर्ण जीवा दोनशे ऐंशी मीटर. नववी-दहावीच्या पुस्तकातलं गणित, तीन मार्कांचं.

तिला सरांचा राग यायच्या आधी स्वतःचा आला. चौदा सेंटिमीटरची ती रेषा तिनंच शाईनं ओढली होती, एका दमात, हात न थरथरता. सरांनी त्या वेळी ‘वा’ म्हटलं होतं.

सर दहाला आले. तिनं कागद पुढे केला.

“हं. मग?” सर म्हणाले.

“सर, वीस चुकलंय. दोनशे ऐंशी पाहिजे.”

“वीस कसं चुकेल? मी स्वतः मोजलंय. घर असो, गोठा असो, विहीर असो, कडेपासून किती आत ते मोजायचं. सोळा वर्षं तसंच मोजतोय मी.”

“घर उभं असतं सर. वाट चालायची असते.”

“तत्त्वज्ञान नको संजना, सकाळची वेळ आहे.”

“या आकड्यावर त्यांनी काय लिहिलंय बघा.” तिनं क्वारीच्या परवान्याची झेरॉक्स काढली. परवाना देणाऱ्या ऑफिसची भाषा स्वच्छ होती: ‘सदर पायवाट धोक्याच्या वर्तुळात केवळ २० मी. आत येत असून तेवढे अंतर पायी पार करण्यास अंदाजे २० सेकंद लागतात. सबब भोंगा व बार यांत दोन मिनिटांचा अवधी पुरेसा असून वाटेवर झेंडेवाला नेमण्याची आवश्यकता नाही.’

सरांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा हळू.

“हे त्यांनी लिहिलंय,” सर म्हणाले. “आपण नाही. आपण फक्त आकडा दिला.”

“फार्महाउसचं कुत्र्याचं घर पण वर्तुळात येतं, सर. चौदा मीटर आत. ते मीच दाखवलंय. रोज बाराला क्वारीतून फार्महाउसवर फोन जातो आणि माळी कुत्र्याला उचलून लांब नेतो. कुत्र्याला तासभर आणि माझ्या आईला दोन मिनिटं.”

“त्या कुत्र्याचे मालक मोठे आहेत,” सर म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, माहिती देत होते. “हे बघ, पंधरवड्यानं परवान्याचं नूतनीकरण आहे. तेव्हा नवीन नकाशात हळूच करू दुरुस्त.”

“पंधरा दिवसांत पंधरा बार होतात.”

“मग आईला सांग, एकच्या आधी निघ.”

संजनानं पेनांचा डबा बंद केला. असा राग तिला नवा होता. वाडीत राग आला की बायका मोठमोठ्यानं भांडतात आणि संध्याकाळपर्यंत मोकळ्या होतात. हा राग मात्र थंडगार होता आणि त्याला दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा दिसत होते.

परवान्याच्या ऑफिसात विनिता मॅडम होत्या. बाई सज्जन. वेळेवर येत, चहा स्वतःच्या पैशांनी पीत आणि फाइलमध्ये जे लिहिलेलं असेल त्यावर मनापासून विश्वास ठेवत. आजवर एवढे दगड उडाले, पण त्यांतला एकही फाइलमध्ये पडला नव्हता.

“पण इथं वीस मीटर लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

“मीच लिहिलंय, मॅडम. म्हणून तर आले. तुमची एक बांगडी देता?”

मॅडमना मागणी विचित्र वाटली, पण त्यांनी हातातली काचेची बांगडी काढून दिली. संजनानं ती कोऱ्या कागदावर ठेवली आणि तिच्या कडेवर पेन्सिल आडवी धरली, बांगडीच्या जेमतेम आत येईल अशी.

“पेन्सिल किती आत आलीय?”

“जराशी. दोराएवढी.”

“आणि बांगडीच्या आत पेन्सिलीचा तुकडा केवढा आहे?”

मॅडमनी चष्मा लावला. चष्मा काढला. पुन्हा लावला. तुकडा चांगला बोटाच्या पेराएवढा होता.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या. मग त्यांना आपण ऑफिसात आहोत हे आठवलं. “पण हे नकाशा काढणाऱ्यानं बघायचं ना! आम्ही सादर केलेल्या आकड्यावर जातो.”

“मग मी लेखी देते. ‘नकाशा मी काढला, तो चुकीचा आहे, त्यावर दिलेला अवधी माणूस मारायला पुरेसा आहे.’ खाली सही. वर आवक क्रमांक.”

सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाला दगडाची भीती नसते, आवक क्रमांकाची असते. मॅडमनी बांगडी परत हातात घातली आणि मंगळवारी साडेअकराला जागेवर येऊन पाहणी करायचं कबूल केलं.

“लेखी मात्र एवढ्यात नको देऊ,” त्या म्हणाल्या.

“दिलंय,” संजना म्हणाली. “आत यायच्या आधीच, आवकच्या टेबलावर.”

मंगळवारी क्वारीच्या जीपमधून मॅडम आल्या. बरोबर मॅनेजर कल्पेश, डोक्याला पिवळी टोपी. शैलेश सर मोटारसायकलवरून, खांद्याला टेप. संजनानं पहाटेच वाडीच्या बायकांना घेऊन वाट जिथं वर्तुळात शिरते आणि जिथून बाहेर पडते तिथं चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशा, आणि तिसरी मध्यावर.

“आधी ते वीस मीटर दाखवा,” मॅडम सरांना म्हणाल्या.

सर मधल्या रेघेवर उभे राहिले, क्वारीकडे पाठ केली आणि टेप सोडत कडेच्या दिशेनं निघाले. एक मीटरवर भिंत लागली. सर थांबले.

“पुढं?” मॅडमनी विचारलं.

“पुढं एकोणीस मीटर आहेत, मॅडम. भिंतीच्या पलीकडे.”

पलीकडून कुत्रा भुंकला.

“म्हणजे परवान्याप्रमाणे बाहेर पडायचं तर भिंतीतून जायला हवं,” मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

“भिंत नुसती गुळगुळीत नाय मॅडम, वर काचा बी हायेत,” रंभाकाकीनं माहिती पुरवली.

मग रेघेपासून रेघेपर्यंत टेप धरला. दोनशे एक्क्याऐंशी. एक मीटर वाटेतल्या खड्ड्यांचा.

कल्पेश अस्वस्थ होता. “मॅडम, लांबी असेल हो. पण माणूस मधे असला तर एकशे चाळीसच जायचंय. दोन मिनिटांत सहज होतं. मी करून दाखवतो.” आणि तो खरंच झपझप चालत सव्वा मिनिटात रेघेपलीकडे गेला. परत येऊन त्यानं घाम पुसला. “बघा.”

“आता हे डोक्यावर घेऊन दाखव, दादा,” चिंधी म्हणाली आणि तिनं मोळीकडे बोट केलं.

कल्पेश हसला. मोळीला हात लावून पाहिला आणि हसायचा थांबला.

“मोळी टाकून पळायचं ना, मावशी,” मॅडम समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “जीव महत्त्वाचा की लाकडं?”

“टाकली तर परत डोक्यावर द्यायला दुसरं माणूस लागतं. सगळ्यांनी टाकली तर कोण कोनाला देनार? आन सकाळपासून तोडलेली हाय ती.” चिंधीनं मॅडमच्या काखेतल्या फाइलीकडे पाहिलं. “आग लागली तर तुमी ही टाकून पळाल का?”

मॅडमनी फाइल नकळत घट्ट धरली.

“आणखी एक,” संजना म्हणाली. “डोक्यावर मोळी असली की वर बघता येत नाही. दगड येतोय की नाही ते कळतच नाही. रोज चालतात तशाच चालू देत. तुम्ही घड्याळ लावा. कल्पेशदादा, भोंगा वाजवायला सांगा, नुसता.”

चिंधीनं डोक्यावर चुंबळ ठेवली, रंभाकाकीनं मोळी चढवून दिली. चिंधी मधल्या रेघेवर उभी राहिली. कल्पेशनं वॉकीटॉकीवर काहीतरी सांगितलं आणि भोंगा झाला. डोंगरातून तो आवाज आला तशी, खेळ आहे हे माहीत असूनही, सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या.

चिंधी निघाली. वाट चढाची, खडी निसटणारी. ती नेहमीसारखी चालत होती, पाय चाचपत, मान ताठ. मॅडम घड्याळ बघत होत्या. एक मिनिट झालं. दीड. संजना आईच्या पावलांकडे बघत होती आणि तिच्या डोक्यात आकडे चालले होते: पन्नास, साठ, सत्तर.

“दोन मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “थांबा मावशी, झालं.”

चिंधी थांबली. रेघ अजून साठ मीटर पुढं होती. ती हळूच गुडघ्यांत वाकली, मोळी बाजूला टेकवली आणि वाटेच्या मधोमध बसली.

“या इकडे मावशी,” मॅडमनी हाक मारली.

“कशी येऊ? मी मेली.”

“काय?”

“बार उडाला ना? मी मेली. मेलेलं माणूस चालतं का, मॅडम? पंचनामा करा.”

शैलेश सर फसकन हसले आणि एकटेच हसल्याचं लक्षात येऊन गप्प झाले. तेवढ्यात रंभाकाकी वाकडी मान घेऊन मधल्या रेघेवर जाऊन उभी राहिली. “मी बी चालून बघते,” म्हणाली. काकी सत्तर मीटरवर मेली. गुणाबाई, वाडीतली सगळ्यांत म्हातारी, पन्नासावर मेली आणि मेल्यावर तिनं तंबाखू मळायला घेतली. अर्ध्या तासात त्या वाटेवर नऊ बायका मरून बसल्या होत्या, प्रत्येकीची मोळी तिच्या शेजारी.

कल्पेशनं घड्याळ पाहिलं. “मॅडम, यांना उठवा. भोकांत दारू भरून ठेवलीय. ती तशी ठेवून चालत नाही, एकला बार उडवावाच लागतो.”

“उडव की,” गुणाबाई म्हणाली. “आमाला काय होतंय आता?”

“संजना, सांग ना तुझ्या आईला,” मॅडम म्हणाल्या. “मी ऑफिसला गेल्यावर प्रस्ताव मांडते. वरून मंजुरी...”

“किती दिवस लागतील?”

“महिनाभर धर.”

“महिन्यात तीस बार,” संजना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच मॅडम एक पाऊल मागं सरल्या. “मॅडम, तो नकाशा काढायला मला तीन तास लागले. माझी चूक तीन तासांची आहे. तुमच्यापैकी एकजण जरी या वाटेवर एकदा चालला असता, तर ती दोन मिनिटांत सापडली असती. या बायका इथं रोज चालतात. वीस सेकंद लागतात का, हे त्यांना कोणी विचारलं? कुत्र्याच्या मालकाला विचारलंत. आता मला सांगू नका आईला सांग म्हणून. मेलेल्या माणसाला मी काय सांगणार?”

भिंतीपलीकडे माळी कुत्र्याला हाका मारत होता. बारा वाजून गेले होते.

मॅडमनी जीपच्या बॉनेटवर फाइल उघडली. बॉनेट तापलेलं होतं, त्यांनी खाली रुमाल घातला. नूतनीकरणापर्यंत तात्पुरता आदेश द्यायचा अधिकार त्यांना होता. तो त्यांना नोकरीला लागल्यापासून होता, वापरायची वेळ कधी आली नव्हती. त्या लिहू लागल्या. भोंगा बाराच्या आधी नाही आणि बाराच्या मधे दहा मिनिटं, असं काहीतरी पहिल्या वाक्यात झालं, ते खोडलं. मग सुटसुटीत लिहिलं: भोंगा आणि बार यांत दहा मिनिटं. वाटेच्या दोन्ही टोकांना लाल झेंडेवाला. शेवटची बाई बाहेर पडल्याची खूण मिळाल्याशिवाय बार नाही.

“झेंडेवाले आणू कुठून आत्ता?” कल्पेश म्हणाला.

“तुम्ही एक,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी शैलेश सरांकडे पाहिलं. सर टेप गुंडाळत होते. ते जरा जास्तच वेळ गुंडाळत राहिले, पण सुटले नाहीत.

“पायवाट वर्तुळात किती, ते लिहायचं राहिलंय,” संजना म्हणाली.

मॅडमनी पेन तिच्याकडे दिलं. संजनानं लिहिलं, ‘२८० मी.’ बॉनेट उंच होतं आणि खालचा रुमाल सरकत होता. आठाचं पोट वाकडं आलं. तिनं ते तसंच ठेवलं.

“आये,” तिनं हाक मारली, “झालं. ऊठ.”

“लिवलं?”

“लिहिलं.”

“वाचून दाखव.”

संजनानं मोठ्यानं वाचलं, तारखेपासून सहीपर्यंत. चिंधीनं सगळं ऐकून घेतलं. मग मॅनेजरला हाक मारली. “ये दादा. मोळी दे डोक्यावर.”

कल्पेशनं संजनाकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं आणि पिवळी टोपी सावरत गेला. दोनदा उचलायला गेला, तिसऱ्यांदा उचलली. चिंधीनं चुंबळीवर मोळी सरळ करून घेतली आणि उरलेले साठ मीटर चालायला लागली, रोजच्याच चालीनं, पाय चाचपत. मागून रंभाकाकी, तिच्यामागून गुणाबाई. एकला पाच मिनिटं कमी होती. रेघेपाशी शैलेश सर लाल फडकं घेऊन उभे होते आणि कल्पेश घड्याळ बघत होता. बायका येत होत्या.